पाच ग्रॅमचा शोध

१९९४ साली डेन्मार्कमध्ये माणसांच्या उपचारासाठी व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक वापरलं गेलं ते अवघं २४ किलो. त्याच वर्षी, त्याच देशात, त्याच कुळातलं ॲव्होपार्सिन हे प्रतिजैविक डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं गेलं २४,००० किलो. व्हँकोमायसिन डॉक्टर हातचं राखून वापरत, कारण बाकीची औषधं हरली की त्याचाच आधार असे. ॲव्होपार्सिनला मात्र ना आजार लागत होता, ना पशुवैद्याची चिठ्ठी. जनावरं धडधाकट असतानाच, ती कमी खाद्यात जास्त वाढावीत म्हणून, ते रोज त्यांच्या पोटात जात होतं.

दोन्ही रेणूंची ठेवण इतकी सारखी आहे की एकाला दाद न देणारा जंतू दुसऱ्यालाही दाद देत नाही. कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या आतड्यांत असे एन्टरोकोकस जंतू मोठ्या संख्येने सापडू लागले. मे १९९५ मध्ये डेन्मार्कने ॲव्होपार्सिन बंद केलं आणि एप्रिल १९९७ पासून सगळ्या युरोपीय संघाने. बंदीचा कागद निघाला, पण कागदाने गोणीतलं खाद्य बदलत नाही. गोणी उघडून, त्यातलं खाद्य घेऊन, त्यात बंदी घातलेलं औषध आहे की नाही हे कुणीतरी ठामपणे सांगावं लागतं. हे प्रकरण त्या कामाविषयी आहे. ते वाटतं त्याहून फार अवघड आहे, आणि आपल्याकडे त्याची जितकी गरज आहे तितकी त्याची चर्चा होत नाही.

खाद्यातून प्रतिजैविक देण्याची कल्पना निघाली न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ले प्रयोगशाळेत. तिथल्या संशोधनाची धुरा आंध्रातून गेलेल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळणारं ऑरिओमायसिन, म्हणजेच क्लोरटेट्रासायक्लिन, त्यांच्याच कारकिर्दीत तिथे तयार झालं. ऑगस्ट १९४८ मध्ये सुब्बाराव गेले, त्यामुळे पुढचं काही त्यांनी पाहिलं नाही. थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे तिथले दोन संशोधक कोंबडीच्या पिल्लांसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. औषध काढून घेतल्यावर उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना घालून पाहिला. पिल्लं वाढली, आणि इतकी वाढली की एकट्या ब-१२च्या नावावर ती वाढ खपेना. चोथ्यात औषधाचा अंश राहून गेला होता. १९५० मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि पाहता पाहता प्रतिजैविक हा खाद्याचा एक घटक होऊन बसला, मका आणि सोयापेंडीसारखा.

धोक्याची सूचना कुणी दिलीच नाही असं नाही. ब्रिटनच्या स्वॉन समितीने १९६९ मध्येच सांगितलं होतं की माणसांच्या उपचारात लागणारी प्रतिजैविकं खाद्यात वाढीसाठी घालू नयेत. सल्ला चांगला होता, पण त्यातून एक पळवाट निघाली. जी औषधं माणसांना दिली जात नाहीत ती खाद्यात चालतील, असा अर्थ लावला गेला. ॲव्होपार्सिन याच वाटेने आत आलं. माणसांना ते कुणी देत नव्हतं. त्याचा भाऊ देत होते, एवढंच. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावर कोंबड्यांना ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळलेलं खाद्य दिलं आणि काय होतं ते पाहिलं; निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवडाभरात कोंबड्यांच्या आतड्यातले ई. कोलाय त्या औषधाला सरावले. सहा महिन्यांच्या आत तसेच जंतू शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही बळावले.

स्वीडनने १९८६ मध्येच वाढीसाठीची सगळी प्रतिजैविकं बंद केली होती. युरोपीय संघ टप्प्याटप्प्याने तिथे पोचला. १९९८ च्या अखेरीस टायलोसिन, स्पायरामायसिन, व्हर्जिनियामायसिन आणि झिंक बॅसिट्रॅसिन यांच्यावर बंदीचा निर्णय झाला. ऑलाक्विनडॉक्स आणि कार्बाडॉक्स ही दोन कर्करोगाच्या भीतीने गेली. उरलेली १ जानेवारी २००६ पासून बंद झाली. व्हर्जिनियामायसिनच्या बंदीविरुद्ध फायझर कंपनी युरोपीय न्यायालयात गेली होती. सप्टेंबर २००२ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध लागला. संपूर्ण पुरावा हाती येईपर्यंत थांबलंच पाहिजे असं नाही, माणसाच्या आरोग्याचा प्रश्न असेल तर सरकारला आधीच पाऊल उचलता येतं, हे त्या निकालाने पक्कं केलं.

आता तपासणीकडे वळू. पहिली शंका कुणालाही येईल: खाद्य कशाला तपासायचं, थेट मांस आणि अंडीच तपासावीत. माणूस खातो ते तेच. पण ही शंकाच फसवी आहे. ॲव्होपार्सिन, बॅसिट्रॅसिन, कॉलिस्टिन ही औषधं आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलीच जात नाहीत. ती आतड्यात काम करतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. कोंबडीच्या छातीचा तुकडा कितीही भारी यंत्रात घातला तरी तो स्वच्छ निघेल. पण त्याच कोंबडीच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जंतू तयार झालेले असतील. ते कापताना मांसाला लागतील, लिटरमधून, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या भुशातून, शेतात जातील, शेडमध्ये काम करणाऱ्याच्या हातावर येतील. टेट्रासायक्लिनसारखी काही औषधं शोषली जातात खरी, पण कत्तलीच्या काही दिवस आधी खाद्य बदललं की त्यांचाही माग पुसट होत जातो. वाढीसाठी औषध दिलं जातंय का हे पाहायचं असेल तर गव्हाणीतलं खाद्यच हातात घ्यावं लागतं. मांसाचा अहवाल स्वच्छ आला म्हणून पोल्ट्रीही स्वच्छ, असं समजणं ही या विषयातली सगळ्यात मोठी दिशाभूल आहे.

खाद्य हातात घेतलं की पहिली अडचण प्रमाणाची. वाढीसाठी प्रतिजैविक साधारणपणे टनामागे ५ ते ५० ग्रॅम घालत. खालचा आकडा धरला तर ५० किलोच्या गोणीत पाव ग्रॅम. तेही सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही. औषध येतं प्रीमिक्समधून, म्हणजे आधीच तयार केलेल्या पूरक मिश्रणातून, आणि मिक्सर पुरेसा फिरला नाही तर एका गोणीत जास्त आणि शेजारच्या गोणीत जवळजवळ काहीच नाही, असं होतं. म्हणून तपासणीची खरी सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, गोदामात होते. गोण्यांच्या थप्पीतून वरच्या, मधल्या, तळच्या अशा वेगवेगळ्या गोण्या निवडायच्या, प्रत्येकीत पोकळ नळी तिरपी खुपसून थोडं थोडं खाद्य काढायचं, ते सगळं एकत्र करून नीट कालवायचं आणि पुन्हा पुन्हा चार भाग करत त्यातून नमुना उरवायचा. युरोपीय नियमांत घन खाद्याचा शेवटचा नमुना किमान ५०० ग्रॅमचा लागतो, आणि त्याचे मोहोरबंद भाग वेगवेगळे ठेवले जातात, म्हणजे पुढे वाद झाला तर पुन्हा तपासता येतं. हे काम कंटाळवाणं आहे. त्यात घाई केली तर पुढची करोडोंची यंत्रं फुकट जातात.

प्रयोगशाळेतली पहिली चाचणी जुनी आहे आणि मला ती फार आवडते, कारण ती डोळ्यांनी दिसते. दळलेल्या खाद्यातला अर्क द्रावकात काढतात. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या थाळीत अगार ओतलेलं असतं आणि त्यात एक ठरावीक जंतू मिसळलेला असतो. अगारमध्ये छोटी गोल भोकं पाडून त्यांत अर्काचे थेंब सोडतात आणि थाळी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी जंतू वाढून थाळी धुरकट झालेली असते. पण एखाद्या भोकाभोवती स्वच्छ, पारदर्शक कडं दिसलं तर समजायचं, या अर्कात जंतूंची वाढ रोखणारं काहीतरी आहे. कड्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात आणि ज्ञात प्रमाणाच्या औषधाच्या कड्यांशी ताडून पाहतात. प्रत्येक औषधाला हळवा जंतू वेगळा. मायक्रोकोकस ल्यूटियस टायलोसिन, स्पायरामायसिन, बॅसिट्रॅसिन पकडतो. टेट्रासायक्लिनसाठी बॅसिलस सिरियस लागतो. कॉलिस्टिनसाठी बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका. म्हणून एका नमुन्यासाठी अनेक थाळ्या मांडाव्या लागतात.

कडं दिसलं म्हणून लगेच आरोप करता येत नाही. पिल्लांच्या किंवा डुकरांच्या खाद्यात जस्त आणि तांबं भरपूर घातलेलं असेल तर तेही जंतू रोखतात. प्रतिजैविकाला पर्याय म्हणून हल्ली फॉर्मिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं खाद्यात घालतात; त्यांनीही कडं उमटू शकतं. म्हणजे ज्याने नियम पाळून औषध सोडलं तोच चाचणीत अडकायचा! त्याहून मोठी पंचाईत मोनेन्सिन आणि सॅलिनोमायसिन यांची. वाढीसाठी म्हणून युरोपात त्यांना २००६ पासून बंदी आहे, पण ब्रॉयलर कोंबड्यांमधल्या कॉक्सिडिओसिस या आजाराविरुद्ध ती आजही कायदेशीर आहेत, आणि तीही जंतू रोखतात. कायदेशीर औषधाच्या कड्याआड बेकायदेशीर औषध लपू शकतं.

उलट प्रकारची चूकही होते, म्हणजे औषध असूनही सापडत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कवच घट्ट व्हावं म्हणून शिंपल्याची पूड किंवा चुनखडी घालतात. त्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. क्लोरटेट्रासायक्लिन कॅल्शियमला घट्ट बिलगतं आणि साध्या द्रावकात उतरतच नाही. त्यासाठी अर्कात ईडीटीए घालावं लागतं, जे कॅल्शियमला स्वतःकडे ओढतं आणि औषध मोकळं करतं. ऑलाक्विनडॉक्स आणि कार्बाडॉक्स उजेडात फुटतात, त्यामुळे त्यांचं काम मंद प्रकाशात आणि गडद तपकिरी काचेच्या भांड्यांत चालतं. म्हणजे कोणतं औषध शोधायचंय हे आधी ठाऊक असेल तरच ते सापडण्याची शक्यता असते.

म्हणून २००० नंतर लगेच युरोपीय आयोगाने सिम्बॅग-फीड नावाचा प्रकल्प हाती घेतला. बंदी घातलेल्या औषधांसाठी एक ठाशीव कार्यपद्धती बांधणं, हे त्याचं काम होतं. आधी थाळीची स्वस्त चाचणी, मग संशयित नमुन्यांवर द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन, म्हणजे प्रयोगशाळेतली माणसं ज्याला रोज एलसी-एमएस म्हणतात ते यंत्र. बंदी घालणाऱ्यांनीच शोधण्याच्या पद्धतीचीही काळजी घेतली, हे मला त्या बंदीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

हे यंत्र काय करतं ते कॉलिस्टिनच्या उदाहरणावरून पाहू. कॉलिस्टिन म्हणजे एक रेणू नव्हे, मुख्यतः दोन भावंडं: कॉलिस्टिन ए आणि कॉलिस्टिन बी. एकाचं रेणुवजन ११६९ च्या आसपास, दुसऱ्याचं ११५५. दोन्ही मोठे, धनप्रभार सहज घेणारे आणि चिकट. खाद्यातल्या प्रथिनांना ते धरून बसतात, म्हणून अर्क आम्लात काढावा लागतो. काचेच्या भिंतीलाही चिकटतात, म्हणून काम शक्यतो पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांत करतात. काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलेला अर्क सकाळी फिका निघू शकतो. अर्क शुद्ध करून यंत्रात सोडला की आधी एका बारीक नळीत त्यातले घटक वेगवेगळे होतात आणि एकामागून एक बाहेर पडतात. मग यंत्र प्रत्येक रेणूवर प्रभार चढवतं. ते वजन मोजतं ते प्रभाराने भागून. कॉलिस्टिन तीन धनप्रभार घेत असल्याने ए चा ठसा ३९० च्या थोडा वर उमटतो आणि बी चा ३८६ वर. त्यानंतर यंत्र तो रेणू फोडतं आणि तुकडे पुन्हा मोजतं. कॉलिस्टिनचा एक तुकडा १०१ वर येतो. मूळ रेणूचा ठसा, तुकड्यांचे ठसे, त्यांचं आपसातलं प्रमाण आणि नळीतून बाहेर पडण्याची वेळ हे सगळं शुद्ध कॉलिस्टिनशी जुळलं तरच तपासनीस सही करतो. जस्त, आम्ल किंवा मोनेन्सिन हे सोंग घेऊ शकत नाही.

इतकं झाल्यावरही एक प्रश्न यंत्राच्या कक्षेबाहेरचा राहतो. औषध सापडलं, पण ते घातलं की लागलं? एका फीड मिलमध्ये सकाळी आजारी कळपासाठी औषधी खाद्य बनलं आणि दुपारी त्याच मिक्सरमधून साधं खाद्य निघालं, तर कोपऱ्यात राहिलेला अंश दुपारच्या गोण्यांत जातो. कॉक्सिडिओसिसच्या औषधांसाठी युरोपने २००९ मध्ये अशा अंशाची मर्यादाच ठरवली: परवानगीच्या कमाल प्रमाणाच्या साधारण ३ टक्के, आणि ज्या जनावरांना ते औषध बाधतं त्यांच्यासाठी १ टक्का. प्रतिजैविकांसाठीही २०१९ च्या औषधी खाद्याच्या नियमात २४ औषधांची यादी करून अशाच मर्यादा ठरवण्याचं काम सुरू झालं. यंत्रं जितकी तीक्ष्ण होत जातील तितकी ही रेघ आखणं गरजेचं होत जातं. नाहीतर प्रामाणिक गिरणीवाला आणि चोर एकाच अहवालात सारखेच दिसतील.

डेन्मार्कमध्ये पुढे काय झालं? ब्रॉयलर कोंबड्यांमधल्या एन्टरोकोकस फेसियम जंतूंपैकी १९९५ मध्ये ७३ टक्क्यांच्या आसपास जंतू व्हँकोमायसिनच्या कुळाला दाद देत नव्हते. २००० पर्यंत हा आकडा ६ टक्क्यांच्या खाली आला. डुकरांमध्ये मात्र ॲव्होपार्सिन बंद करूनही तो २० टक्क्यांवरच अडून बसला. कारण शोधलं तेव्हा कळलं की ॲव्होपार्सिनपासून बचावणारा जनुक आणि टायलोसिनपासून बचावणारा जनुक जंतूंमध्ये एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एकाच सुट्या कड्यावर, शेजारी शेजारी बसलेले होते. डुकरांना टायलोसिन मिळतच होतं, त्यामुळे दोन्ही जनुक टिकून राहिले. १९९८-९९ मध्ये टायलोसिनही थांबलं आणि आकडा खाली आला. याचा अर्थ असा की खाद्य एका औषधासाठी तपासून भागत नाही. ज्याच्यावर बंदी नाही तेही बंदी घातलेल्याचं काम चालू ठेवू शकतं.

आता भारत. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कॉलिस्टिनला निष्प्रभ करणारा एमसीआर-१ हा जनुक प्लाझ्मिडवरून एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारतो. कॉलिस्टिन हे आपल्या अतिदक्षता विभागांतलं शेवटचं औषध आहे. कार्बापेनेम या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर या जंतूंसमोर डॉक्टरांकडे फार काही उरत नाही. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अन्नासाठी पाळलेली जनावरं, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्य पूरकं यांसाठी कॉलिस्टिनचं उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केलं. निर्णय अगदी योग्य होता.

पण कॉलिस्टिन मांसात जवळजवळ उतरत नाही, हे आपण पाहिलं. आणि आपला २००६ चा अन्नसुरक्षा कायदा अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य स्पष्ट शब्दांत वगळतो. कोंबडीखाद्याचं आयएस १३७४ हे भारतीय मानक आहे, पण ते मुळात ऐच्छिक. म्हणजे अन्नाचा निरीक्षक जिथे पाहतो तिथे हे औषध दिसणार नाही, आणि जिथे ते दिसेल तिथे पाहणं त्याच्या कामाचा भाग नाही. महाराष्ट्रात ब्रॉयलर पाळणारा शेतकरी बहुतेक वेळा करारावर काम करतो. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधंही कंपनीची. शेड आणि मेहनत त्याची. गोणीत काय आहे हे त्याला कुणी सांगत नाही. लिटर मात्र त्याच्याच पायाखाली असतं आणि घरात त्याचीच मुलं असतात.

तुम्ही पोल्ट्री चालवत असाल तर प्रत्येक नव्या लॉटमधून अर्धा किलो खाद्य काढून, तारीख आणि बॅच क्रमांक लिहून, कोरड्या जागी मोहोरबंद ठेवा. अहवाल हाती आला तर नुसतं ‘आढळलं नाही’ मान्य करू नका. कोणती औषधं शोधली आणि किती प्रमाणापर्यंत शोधली हे लिहून मागा. टनामागे ५ ग्रॅम शोधायचे असतील आणि चाचणीला ५० च्या खालचं दिसतच नसेल तर तो अहवाल निरुपयोगी आहे. आणि कॉलिस्टिनची बंदी खरी करायची असेल तर सरकारने मांसाच्या जोडीला खाद्याचे नमुने घेणं कायद्याने बंधनकारक केलं पाहिजे. पद्धती तयार आहेत, यंत्रं देशात आहेत, तपासायला शिकलेली माणसंही आहेत.